पेपर कुठला घ्यायचा?

उंब्रजला माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पाटीवर सातबारा, पॅनकार्ड, पीकविमा, रेल्वेचं रिझर्व्हेशन असं बरंच काही लिहिलंय. पण बारावीचा निकाल लागून गेला की माझ्याकडं एक वेगळीच गर्दी सुरू होते, आणि ती पोराटोरांची नसते. शिक्षण कुठंतरी मध्येच सुटलेली माणसं येतात. कुणी बारावीला इंग्रजीत गेलेला. कुणी एफवायला असताना लग्न होऊन चाफळ खोऱ्यात नांदायला गेलेली. कुणी वीस वर्षं नोकरी केल्यावर बढतीचं गाडं पदवीवाचून अडलंय हे कळलेला. काउंटरवर कोपर टेकवून पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "भाऊ, सगळ्यात लवकर कशानं हुईल?"

मी सांगतो, "तीन वर्षं लागतील."

मग माणूस माझ्याकडं अशा नजरेनं बघतो की जणू विद्यापीठ माझ्याच मालकीचं आहे आणि त्यातली दोन वर्षं मी मुद्दाम वाढवून ठेवलीत. "एका टायमाला सगळं पेपर दिलं तर?" नाही चालत. "जादा फी भरली तर?" तरी नाही. "ते कुठलं तरी विद्यापीठ हाय म्हणं, सहा महिन्यांत देतंय?" देत असेल, पण त्या कागदाचं पुढं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, असं सांगून मी त्या वाटेनं कुणाला जाऊ देत नाही.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय. तीन वर्षांचा आकडा खाली येत नाही, वर मात्र झपाझप जातो. तिनाची पाच होतात, सात होतात, आणि कित्येकांची फाईल माझ्या कपाटात तशीच राहते. माणसं अडकतात ती एखाद-दुसऱ्या विषयात. त्यामुळं लवकर पदवी मिळवणं याचा आमच्याकडं अर्थ एवढाच, की कुठला विषय मागं राहू द्यायचा नाही. आणि ते ठरतं फॉर्म भरताना, विषयांच्या रकान्यात. तिथं माणूस दोन मिनिटंही घालवत नाही. "टाका कायबी, सोपं असंल ते."

मी स्वतः याच वाटेनं आलोय. बारावी सुटली तेव्हा महामार्गावरच्या एका टायरच्या दुकानात पंक्चर काढत होतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं. नाव आमच्या कराडच्या माणसाचं आणि मुक्काम नाशिकला. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदवाक्य मी पहिल्यांदा वाचलं ते टायरच्या दुकानात आलेल्या जुन्या पेपरवर, आणि खरं सांगायचं तर हसलो होतो. पण त्यांची पूर्वतयारी नावाची सोय होती. अठरा वर्षं पूर्ण असली आणि बारावी नसली तरी ती परीक्षा पास झालं की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसता यायचं. माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्या फटीतून आत शिरता आलं. अभ्यासकेंद्र, रविवारची संपर्कसत्रं, समंत्रक, गृहपाठ हे सगळे शब्द मी तिथं शिकलो. श्रेयांक हा शब्दही तिथलाच.

श्रेयांकाचा हिशेब मी गिऱ्हाईकाला पाटीवर मांडून दाखवतो, कारण सगळी गोम त्यात आहे. माझ्या वेळी आठ श्रेयांकांचा एक विषय असायचा, वर्षाला चार विषय, तीन वर्षांचे मिळून ९६ श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास. म्हणजे एका विषयाला २४० तास. आता रोजगारावर जाणाऱ्या, दूध घालणाऱ्या, ड्युटी करणाऱ्या माणसाला एका विषयाला २४० तास कुठून मिळायचे? पण त्यातले शंभर तास त्याच्या रोजच्या कामात आधीच होऊन गेलेले असतात. ते कुठल्या विषयात जमा होतात, तेवढं फक्त हुडकायचं. म्हणून फॉर्म उघडण्याआधी मी विचारतो, "दिवसभर काय करता?"

या प्रश्नाला माणसं बिचकतात. शाळा-कॉलेजात त्यांना तो कुणी विचारलेला नसतो.

एक अंगणवाडी सेविका आल्या होत्या. पदवी असली तर मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येतो असं त्यांना बैठकीत कळलं होतं. दोन पोरं, सासू अंथरुणाला, नवरा कारखान्यावर हंगामी. त्यांच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं की इतिहास सोपा, शिवाजी महाराजांचं तर आपल्याला सगळं येतंच. मी म्हटलं, "ताई, इतिहासाच्या पेपरला महाराजांवर एखादा प्रश्न येईल. बाकी युरोप, राष्ट्रीय चळवळ, आधुनिक जग. आणि पानंच्या पानं लिहायची. तुम्ही दिवसभर काय करता ते सांगा." त्या म्हणाल्या, "काय करणार? पोरांची वजनं, उंच्या, पोषण आहाराचं रजिस्टर, गरोदर बायकांच्या घरभेटी. आन् गावातली भांडणं." मग हळूहळू सांगायला लागल्या. कुठल्या आळीतली पोरं कमी वजनाची निघतात, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की पटावर किती वाढतात आणि टोळी उठली की किती गळतात, कुठल्या घरात सून आजारी पडली तर दवाखान्यात न्यायचं कोण ठरवतं. त्यांना हे सगळं म्हणजे गाऱ्हाणी वाटत होती. मी कपाटातून समाजशास्त्राचं एक जुनं पुस्तक काढलं आणि कुटुंबसंस्थेवरचं प्रकरण उघडून दिलं. त्या काउंटरवरच उभ्या उभ्या वाचायला लागल्या. मागं दोन माणसं झेरॉक्ससाठी थांबली होती. दोन-तीन पानं झाल्यावर मान वर करून म्हणाल्या, "आवं, हे तर आमच्या सर्व्हेत हाय की."

समाजशास्त्र त्यांनी घेतलं आणि पहिल्या फटक्यात काढलं. पण मला त्यांच्या निकालापेक्षा त्या पुस्तकावर पेन्सिलीनं केलेल्या खुणा जास्त आठवतात. पुस्तक परत आणून दिलं तेव्हा समासात नावं लिहिलेली होती. गावातल्या घरांची. 'विभक्त कुटुंब' असं पुस्तकात होतं तिथं एक आडनाव, 'स्थलांतर' असं होतं तिथं टोळीच्या मुकादमाचं गाव. मी ते पुस्तक पुन्हा कुणाला दिलं नाही, कारण आमच्याकडं सगळे सगळ्यांना ओळखतात.

ग्रामपंचायतीत शिपाई किंवा क्लार्क असणाऱ्याला मी लोकप्रशासन सुचवतो. पंचायत समितीचं काम कसं चालतं, ठराव म्हणजे काय, अनुदान कुठून येतं नि कुठं अडतं हे त्याला प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक असतं. फक्त पुस्तकाची भाषा शिकायची. स्पर्धा परीक्षा करणाऱ्या पोरांना राज्यशास्त्र नाहीतर अर्थशास्त्र घ्या म्हणतो. पीएसआयची पूर्वपरीक्षा असो नाहीतर राज्यसेवेची, राज्यघटना वाचावीच लागते. मग तेच वाचन दोन ठिकाणी खपवायचं. एका अभ्यासात दोन परीक्षा. यात लबाडी काही नाही, पण पोरांच्या हे ध्यानात येत नाही. सकाळी अकादमीत राज्यघटना, संध्याकाळी पदवीसाठी भलताच विषय, आणि रात्री दोन्हीचा कंटाळा.

इंग्रजीचं मात्र वेगळं आहे. तिथं कुणाचेच तास आधी झालेले नसतात. बहुतेक फायली इंग्रजीनंच अडवलेल्या. म्हणून माझा नियम असा, की नडणारा विषय पहिल्या वर्षीच आणि पहिल्यांदा उरकायचा. लोक बरोबर उलटं करतात. सोपे तीन देतात, चौथ्याला गैरहजर राहतात आणि "पुढच्या टायमाला बघू" म्हणतात. पुढच्या वेळेला दुसऱ्या वर्षाचे चार आणि हा एक. मग परीक्षा येते लगीनसराईत. ज्याच्या घरात कार्य असतं त्यानं पेपर सोडलाच म्हणून समजा. एसटीतल्या एका वाहकाची तर दोन वर्षं अशीच गेली. पेपर कराडला, म्हणजे इथनं पंधरा-सोळा किलोमीटर, आणि नेमक्या त्याच दिवशी ड्युटी मुक्कामी गाडीवर. अर्ज केला, विनंती केली, उपयोग झाला नाही. तिसऱ्या वर्षी मी त्याला सांगितलं, परीक्षेचं वेळापत्रक संकेतस्थळावर पडलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाका, हॉल तिकिटाची वाट बघू नका. तेवढ्यानं काम झालं.

जाता जाता गृहपाठाबद्दल बोललं पाहिजे, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे गृहपाठ अशी आमची वाटणी होती. या वीस गुणांचा आमच्या भागात चक्क धंदा चालायचा. दुसऱ्याचं अक्षर, दुसऱ्याचा मजकूर, वर फक्त आपलं नाव आणि कायम नोंदणी क्रमांक. माझ्याकडंही माणसं यायची, "लिवून द्या, काय हुईल ते घ्या." मी झेरॉक्स काढून द्यायचो, लिहून दिलं नाही. तत्त्वाचा आव आणत नाही. ज्यानं गृहपाठ स्वतः लिहिला तो लेखी परीक्षेत सहसा नापास झाला नाही, हे मी दुकानात बसून बघितलंय. विकत घेणारा वीसपैकी सतरा मिळवायचा आणि ऐंशीपैकी अकरा.

आता माझ्या मावसबहिणीच्या सुनेची गोष्ट. ती न्यू जर्सीला असते. लग्नाआधी कराडच्या एका पतसंस्थेत कामाला होती आणि बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. तिकडं गेल्यावर पोरगं शाळेत जायला लागलं तशी हिला पदवी पुरी करायची उबळ आली. ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, १९७२ साली निघालेली, नोकरीधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच. बाहेर मिळवलेले श्रेयांक ती मोठ्या मनानं मोजून घेते. आणि तिकडं क्लेप नावाची परीक्षा असते. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९६७ पासून घेते. चौतीस विषय, बहुतेक पेपर दीड तासाचे, संगणकावर. २० ते ८० च्या मोजपट्टीवर ५० किंवा जास्त पडले की बऱ्याच कॉलेजांत त्या विषयाचे श्रेयांक मिळतात, साधारणपणे तीन. वर्गात बसायचं नाही, फी नावापुरती, सत्र संपायची वाट बघायची नाही. येतंय का? तर द्या परीक्षा आणि घ्या श्रेयांक. १२० श्रेयांकांची पदवी. त्यातले काही जुन्या बी.कॉम.चे धरले, काही असे परीक्षेनं मिळवायचे, उरलेले शिकून.

तिनं मला व्हिडिओ कॉल केला. भाचेसून असली तरी मला मामा म्हणते. "मामा, तुम्ही सगळ्यांना विषय निवडून देता ना, मग मला पण द्या." यादी वाचून दाखवली. समाजशास्त्र, मानसशास्त्र, व्यवस्थापन, मार्केटिंग, अमेरिकेचा इतिहास, कॉलेजचं गणित, फायनान्शियल अकाउंटिंग. तिच्या मैत्रिणी सांगत होत्या की मानसशास्त्र सगळ्यात सोपं. मी विचारलं, "पतसंस्थेत काय करत होतीस?" म्हणाली, "रोजकीर्द, खतावणी, संध्याकाळी तेरीज जुळवायची. मार्चला ऑडिटरच्या हाताखाली." मग म्हटलं, अकाउंटिंग पहिलं. तेरीज जुळेपर्यंत रात्रीचे नऊ वाजवणाऱ्या पोरीला नावे-जमा कोण शिकवणार? तिकडच्या संज्ञा आणि तिकडचे नियम तेवढे वेगळे, ते तिनं दोन महिन्यांत रात्री बसून वाचले. पास झाली. कराडच्या पतसंस्थेतली संध्याकाळ ट्रेंटनच्या खात्यावर तीन श्रेयांक म्हणून जमा झाली. अमेरिकेचा इतिहास मात्र मी तिला परीक्षेनं देऊ दिला नाही. त्यातलं तिला काहीच येत नव्हतं आणि जे येत नाही ते शिकूनच घ्यावं, तिथं घाई करून उपयोग नाही.

हे मी कौतुकानं सांगतोय, पण ते ऐकून मला थोडं वाईटही वाटलं होतं. कारण त्याच सुमाराला आमच्याकडचे एक सोसायटीचे सचिव माझ्यासमोर बसले होते. विकास सोसायटीचं काम. पंचवीस वर्षं पीककर्जाचे हिशेब, वसुली, जिल्हा बँकेचे तगादे, वार्षिक सभेचा अहवाल. त्यांना जी.डी.सी. अँड ए. करायचं होतं. सहकार खात्याची ही परीक्षा आमच्या भागात मानाची आहे. मे महिन्यात होते, कॉलेजात जावं लागत नाही, सहा विषय: जमाखर्च, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि तत्त्वं, सहकार कायदा, बँकिंग, गृहनिर्माण. घरी अभ्यास करायचा आणि जाऊन बसायचं. सचिवांना त्यातलं निम्मं तोंडपाठ. पण तिला बसायला पदवी हवी आणि यांची गाडी बारावीवर थांबलेली. म्हणजे जे येतं त्याची परीक्षा देण्यासाठी आधी तीन वर्षं दुसरीकडं घालवायची.

सगळ्यांनी त्यांना बी.ए. करा म्हणून सांगितलं होतं, कसंही होतंय. आम्ही दोघांनी बसून बी.कॉम. ठरवलं. जमाखर्चाचा, बँकिंगचा अभ्यास असा करायचा की पदवीलाही चालेल आणि पुढं जी.डी.सी.लाही. पहिल्या वर्षाचा हिशेबाचा पेपर देऊन आले तेव्हा दुकानात येऊन चहा मागवला आणि म्हणाले, "भाऊ, तासाभरात झालं बघा. मग बसलो खिडकीतनं बघत. पर्यवेक्षक म्हणतोय, काका, पुरवणी पायजे का? म्हटलं, नगं बाबा, तेरीज जुळली." न्यू जर्सीत त्यांना तो विषय एका सकाळीत मिळाला असता. इथं तो तासाभराचा पेपर द्यायला वर्षभर थांबावं लागलं.

गंमत अशी की आपल्या विद्यापीठांची सुरुवातच मुळी परीक्षेपासून झालीय. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं तेव्हा ते शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं. शिकवायचं काम कॉलेजांचं. त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा, आणि लंडननं तर १८५८ पासून कुठल्याही कॉलेजात न जाता परीक्षेला बसायची मुभा दिली. मुंबईची बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ ची, रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. नंतर आमच्या पट्ट्यात शिवाजी विद्यापीठाच्या बहिःस्थ परीक्षा आल्या. प्राथमिक शाळांतल्या कितीतरी गुरुजींनी दिवसा चौथीचा वर्ग सांभाळून रात्री कंदिलावर बी.ए. केलं ते त्यातूनच. कॉलेज न करता परीक्षा देणं ही सोय आपल्याकडं जुनी आहे. पण बहिःस्थ असो की मुक्त, सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून, वर्षाला ठरलेले पेपर. एखादा विषय आधीच येतो म्हणून तेवढाच आत्ता देतो, असं म्हणायची सोय नव्हती.

नाही म्हणायला दोन ठिकाणी तशी फट आहे. एक शाळेच्या पातळीवर. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावी-बारावीचे विषय एकेक करून देता येतात. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, पास झालेला विषय खात्यावर राहतो. मागणीनुसार परीक्षा अशीही सोय आहे, तयारी झाली की तारीख घ्यायची. आमच्याकडं मात्र अजून सतरा नंबरचा फॉर्म भरून कोल्हापूर बोर्डाची परीक्षा एका दमात द्यायची यावरच लोकांचा विश्वास. बोर्डाचं सर्टिफिकेट म्हटलं की पाहुण्यांत पण चालतं, असं एका आईनं मला सांगितलं होतं.

दुसरी फट फौजेची, आणि सातारा जिल्ह्यात ती दुर्लक्षून चालत नाही. इथल्या गावागावांतून पोरं सैन्यात जातात. पंधरा वर्षं किंवा जास्त नोकरी झालेला, दहावी आणि सैन्याचं शिक्षण प्रमाणपत्र असलेला माजी सैनिक केंद्र सरकारच्या क गटाच्या, तांत्रिक नसलेल्या जागांसाठी पदवीधरासारखा धरला जातो. निवृत्त हवालदार हा कागद प्लास्टिकमध्ये घालून आणतात. मला तो बघायला आवडतो. कुणीतरी एकदा तरी सरकारी कागदावर मान्य केलंय की सियाचीन आणि राजस्थानात काढलेल्या वर्षांना काही किंमत आहे. पण तो कागद नोकरीपुरता. एका हवालदारांना त्यावर एम.ए. करायचं होतं. ते होत नाही म्हटल्यावर म्हणाले, "म्हंजे मी बँकेत पदवीधर आन् कॉलेजात दहावी पास." पुढं त्यांनी मुकाट्यानं बी.ए.चा फॉर्म भरला. विषय राज्यशास्त्र. आंतरराष्ट्रीय संबंधांवर त्यांना माझ्यापेक्षा बरंच ठाऊक होतं.

अलीकडं दिल्लीहून एकेक नवीन येतंय. 'स्वयम्' हे ऑनलाईन शिकायचं सरकारी संकेतस्थळ २०१७ पासून आहे, आणि २०२१ च्या नियमाप्रमाणे विद्यापीठानं मान्य केलं तर एका सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून घेता येतात. आठवड्याला व्हिडिओ बघायचे, स्वाध्याय द्यायचे आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा. परीक्षेला पुण्या-कोल्हापूरकडं जावं लागलं तर एक दिवस आणि भाडं गेलं. शिवाय बरेचसे विषय इंग्रजीत. माझ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी केलेत, सेविकाताईंसारख्या कुणी अजून नाही. श्रेयांकांची बँकही २०२१ चीच. डिजिलॉकरवरून बारा आकडी नंबर काढायचा, मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत तिथं राहतात. सध्या सगळी कॉलेजं तो नंबर मागतात म्हणून सकाळपासून तीच रांग असते. एका आजीनं नातवासोबत येऊन विचारलं होतं, त्यात किमान किती शिल्लक ठेवावी लागते?

२०२४ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगानं आणखी एक काढलंय. हुशार पोरांना तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पुरी करता येईल, चार वर्षांची सहा किंवा सात सत्रांत, कॉलेजला वाटलं तर दहा टक्क्यांपर्यंत जागा त्यासाठी. चांगलं आहे. पण त्यात सत्राला जादा श्रेयांक घ्यायचे, म्हणजे जास्त अभ्यास जास्त वेगानं करायचा. ज्याला रिकामा वेळ आहे त्याचा वेळ वाचतो. माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभ्या राहणाऱ्या माणसाकडं वेळ कधी नव्हताच. त्याच्याकडं येणं आहे. पंचवीस वर्षांची रोजकीर्द आहे, शेकडो घरभेटी आहेत. ते तपासायला दीड तासाचा एखादा पेपर काढणं अवघड नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. मुक्त विद्यापीठाकडं परीक्षा घ्यायची यंत्रणा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात केंद्रं आहेत, श्रेयांक मोजायची सवय सगळ्यांच्या आधीपासून आहे. आठ-दहा विषयांपासून सुरुवात केली तरी सचिवांचं एक वर्ष सहज वाचलं असतं. गैरप्रकार होतील, ही भीती मला कुणीही घालू नये. गृहपाठाच्या वीस गुणांचं काय झालं ते मी बघितलंय. येणं तपासायचं असेल तर समोर बसवून घेतलेली परीक्षाच बरी.

सध्या मी चार वर्षांसाठी सैन्यात गेलेल्या अग्निवीरांची वाट बघतोय. जून २०२२ मध्ये केंद्रानं जाहीर केलं होतं की इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ त्यांच्यासाठी तीन वर्षांची पदवी काढेल, आणि त्यातले निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातील. निम्मे! आमच्या काउंटरवर आजवर असं कुणालाच मिळालेलं नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतील. आमच्या आसपासच्या गावांतली काही पोरं त्यात आहेत. त्यातल्या एकाची आई परवा दुकानात आली होती, पोराचं आधार अपडेट करायला काय लागतं ते विचारायला. मी तिला सांगितलं, आधारचं होईल, पण पोराला फोन आला की सांगा, प्रशिक्षणाचे सगळे दाखले जपून ठेव, एकही कागद तिकडं सोडून येऊ नकोस, आणि डिजिलॉकरवर नंबर काढला नसेल तर सुट्टीत आल्यावर पहिल्यांदा माझ्याकडं ये. ती म्हणाली, "ते म्हणतंय, आल्यावर पोलीस भरती करणार, पदवी कशाला?" मी म्हटलं, "भरती करू दे की. पण निम्मे श्रेयांक त्याचे झालेलेच आहेत, उरलेल्या निम्म्याला विषय कुठले घ्यायचे तेवढं बघू." मग तिनं पिशवीतून आधार कार्ड काढलं, आणि त्याच्यावरची जन्मतारीख दहावीच्या दाखल्याशी जुळत नव्हती.